एक नग, काटेरी

रघुजीराव इंगळे यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, आणि त्या सहा वर्षांत त्या माणसानं मला जितका वैताग दिला तितका आमच्या कारखान्यातल्या तिन्ही युनियननी मिळून दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी काही बरं बोललो, तर ते खरं धरायला हरकत नाही.

घर कन्नड मुलखातल्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत. आपले पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडं आले, असं रघुजीराव सांगायचे. घोडा केव्हाच गेला. मराठी राहिली, पण तीही कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेली. मी नोकरीसाठी साताऱ्याहून आलेला सरकारी कारखान्यातला इंजिनिअर. पहिले सहा महिने त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं, आणि जे कळायचं त्यावरून आमचं भांडण व्हायचं.

रघुजीरावांनी चौतीस वर्षं रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये काढली होती. लोकांचं सामान ठेवून घ्यायचं आणि जसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच काम. ट्रंका, वळकट्या, तंबोरे, एकदा तर दगडी जातं. एक गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला निघाले होते, गाडीला पाच तास होते. रघुजीराव त्यांना म्हणाले, "वाईट झालं. पण डब्याला कुलूप लावून आणा." त्या गृहस्थांनी कुलूप आणलं. चौतीस वर्षांत एकही नग हरवला नाही की बदलला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. नग म्हणजे त्यांच्या भाषेत कुणीही ठेवलेली कुठलीही वस्तू.

चौऱ्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि त्यांचे हात रिकामे झाले. मी भाजीला निघालो की फाटकात अडवायचे. "रत्नाकरसार, छत्री ठेवून जा की. ऊन हाय." छत्री ठेवली की ती परत घेताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मी पाऊस असताना सुद्धा दोनदा छत्री ठेवून गेलो. भिजलो आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.

मागच्या अंगणातल्या खोलीत प्रतिमा राजवाडे नावाची मुलगी राहायची. विज्ञान संस्थेत संशोधन करायची. पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला जायचं होतं. तिनं शेगडी कुणाला दिली, गादी कुणाला दिली, आणि जायच्या दोन दिवस आधी एक कुंडी हातात घेऊन रघुजीरावांसमोर उभी राहिली. कुंडीत एक कॅक्टस होता. नारळाएवढा, गोल, हिरवा, आणि उभ्या कंगोऱ्यांवर सोनेरी काटे.

"काका, हा ठेवाल का? काही करावं लागत नाही. भरपूर ऊन आणि महिन्यातून एकदा पाणी. थंडीत तेही नाही दिलं तरी चालतं. मूळचा मेक्सिकोच्या वाळवंटातला आहे."

रघुजीरावांनी कुंडीभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, "ह्याला कुलूप कुठं हाय?"

प्रतिमा हसली. रघुजीराव हसले नाहीत.

"कुलूप नसलेला नग आमी घेत न्हाई, अम्मा. उद्या तुमी येऊन म्हणाल, काटे कमी झाले. मग?"

"मी कशाला असं म्हणेन, काका?"

"ठेवताना सगळे असंच म्हणतात."

मी जिन्यावरून ऐकत होतो, मला राहवलं नाही. "अहो, कॅक्टस चोरणार कोण? हात तरी लावेल का कुणी?"

"चोराचं न्हाई, सार," ते शांतपणे म्हणाले. "कुलूप चोरासाठी नसतंय. ठेवणारा आन् ठेवून घेणारा, ह्यांच्या मधल्या शंकेसाठी असतंय."

दुसऱ्या दिवशी ते सिटी मार्केटात जाऊन लोखंडी बारांचा एक मोठा पिंजरा घेऊन आले. पोपटाचा. दोन पोपट आणि त्यांचे पाहुणे मावतील एवढा. कुंडी आत ठेवली, दार लावलं, कडीत प्रतिमाच्या सुटकेसचं कुलूप अडकवलं आणि किल्ली प्रतिमाच्या हातात दिली.

"किल्ली मालकाजवळ. हा नियम."

"आणि पाणी कसं घालणार?" मी विचारलं.

त्यांनी झारी आणली, चोच दोन बारांमधून आत घातली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी इंजिनिअर कसा झालो याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मग तांदळाच्या तराजूवर पिंजऱ्यासकट वजन झालं, ते कागदावर उतरलं. टॅक्सी आली तेव्हा रघुजीराव फाटकात उभे राहून प्रतिमाला म्हणाले, "जसा हाय तसा, जिवंत, तुमच्या हातात परत. माझा शब्द." प्रतिमानं मान डोलावली. तिचं लक्ष पासपोर्ट सापडतो का इकडं होतं.

जिवंत नग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतला होता. स्टेशनवर कोंबड्या घेऊन येणाऱ्यांना ते परत पाठवायचे. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं. त्यांचं नाव राजलक्ष्मी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही.

पिंजरा जिन्याच्या पहिल्या वळणावर ठेवला, कारण दिवसभर ऊन तिथंच. म्हणजे मला कामावर जाता-येता त्याला वळसा घालावा लागायचा, आणि दोन पँटी मी त्या बारांना अर्पण केल्या. पाचव्या दिवशी रघुजीराव वर आले. चेहरा उतरलेला.

"महिन्यातून एकदा म्हंजे कुठल्या दिवशी?"

"कुठल्याही दिवशी."

"असा दिवस नसतोय, सार."

हा तिढा अक्कांनी सोडवला. महिन्यातून एकदा येणारा, कॅलेंडरात छापलेला, चुकवता न येणारा दिवस म्हणजे संकष्टी. त्या दिवशी पाणी घालायचं. रघुजीरावांचा जीव भांड्यात पडला. पण अक्कांची गाडी तिथं थांबली नाही. जो महिनाभर पाणी न पिता राहतो आणि संकष्टीला पितो, तो करतो काय? उपास करतो. आणि संकष्टीचा उपास सोडायचा कधी? चंद्र बघून. तेव्हा चंद्र दिसल्यावरच झारी उचलायची, असं ठरलं.

शहाण्णवचा पावसाळा आला आणि आभाळ जे भरलं ते भरलंच. ज्येष्ठातल्या संकष्टीला चंद्र दिसला नाही. पाणी नाही. त्या वर्षी आषाढ अधिक, म्हणजे संकष्टीही एक जास्तीची. तेव्हाही ढग. मग निज आषाढ, मग श्रावण. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो मी त्या जिन्यावर प्रत्यक्ष पाहिला. गल्लीतून पाण्याचे लोट वाहताहेत, आणि रघुजीराव पिंजऱ्यावर प्लास्टिकचा कागद बांधून, कॅक्टसवर एक थेंब पडू नये म्हणून जिन्यात पहारा देताहेत.

"अक्का, पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते," मी म्हणालो. "तुम्ही स्वतः ती बघून जेवता."

"मला बीपी हाय. गोळी घ्यायची असते. त्याला कुठं बीपी हाय?"

गंमत अशी की कॅक्टस ठणठणीत होता. रघुजीराव दर रविवारी त्याला दोरा गुंडाळून घेर मोजायचे, बारांमधून दोन सळ्या घालून, अर्धा तास. घेर कधी वाढायचा नाही. "जसा हाय तसा," ते समाधानानं म्हणायचे. झाड वाढत नाही म्हणून खूष होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घोटाळा केला तो कॅक्टसच्या कीर्तीनं. अक्कांनी दोड्ड गणपतीच्या देवळात कुणाला तरी सांगितलं, आमच्याकडं एक काटेरी झाड संकष्टी करतंय, चंद्र दिसला न्हाई तर तीन-तीन महिने पाणी सोडतंय. आता उपास करणाऱ्याला फराळ दिला की पुण्य लागतं, हे कुणालाही माहीत. शेजारच्या कौशल्याबाईंनी एका दुपारी गुपचूप वाटीभर दूध बारांमधून आत ओतलं. आठवड्यात त्यांच्या भावाला दुबईचा व्हिसा आला. झालं! रघुजीराव जेवून पडले की जिन्यावर हलक्या पावलांची ये-जा सुरू. कुणी शहाळ्याचं पाणी, कुणी पन्हं, कुणी उगाच आपलं तांब्याभर. महिनाभर उपाशी आहे हो बिचारा!

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत अंगारकी आली. त्या मंगळवारी सकाळी माझी बढतीची मुलाखत होती. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. हे लोक काय करताहेत यावर मी कँटीनमध्ये तासतासभर विनोद सांगितलेले आहेत. तर मी बूट घालून खाली उतरलो, जिन्याच्या वळणावर थांबलो, इकडं-तिकडं पाहिलं आणि डब्याबरोबर नेत असलेली पाण्याची बाटली अख्खी त्या कुंडीत रिकामी केली. बढती मिळाली नाही.

मार्चच्या शेवटी कॅक्टस एका बाजूला कलला. रघुजीरावांनी सळी लावून पाहिली तर ती बुडाशी आत गेली, लोण्यात जावी तशी. बूड तपकिरी, मऊ, ओलं. ते तिथंच पायरीवर बसले. मी कामावरून आलो तेव्हा बसलेले होते, जेवून खाली आलो तेव्हाही तिथंच.

"शब्द दिला होता, सार," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या एकेकाला बोलावून विचारलं. आवाज चढवला नाही. अकरा जणांनी कबुली दिली, कौशल्याबाई तर रडल्या. माझ्याकडं त्यांनी नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "कमाल आहे लोकांची." आणि वर निघून आलो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

लालबागेजवळच्या रोपवाटिकेतून मी मल्लाप्पाला घेऊन आलो, तेवढंच माझ्या हातात होतं. मल्लाप्पानं पिंजरा बघितला, कुलूप बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडं बघितलं. कन्नडात म्हणाला, ह्याला बाहेर काढायचा, सडलेलं सगळं कापून टाकायचं, गंधकाची पूड लावायची आणि महिनाभर सावलीत कोरडा ठेवायचा, मातीशिवाय. मुळं फुटली तर वाचला. पण आज. आठ दिवसांनी मला बोलावू नका.

"किल्ली जर्मनीत हाय," रघुजीराव म्हणाले.

"मग कुलूप तोडा."

"गिऱ्हाइकाचं कुलूप?"

ते 'गिऱ्हाइकाचं' त्यांनी असं म्हटलं, की मल्लाप्पा एक पायरी खाली उतरला. मी ओरडलो. त्या दिवशी मी खूप ओरडलो. म्हटलं, बार कापतो, करवत आणतो कारखान्यातून. ते म्हणाले, बार कापणं म्हंजे कुलपाला फसवणं. म्हटलं, शब्द काय दिला होता तुम्ही? जिवंत परत देईन. मग ते मोठं की कुलूप मोठं? रघुजीरावांनी कडीतलं कुलूप मुठीत धरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चौतीस वर्षांत त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड कधी आल्याच नव्हत्या. माल सांभाळायचा तर कुलूप तोडायचं नाही, इतकं ते सोपं होतं.

गांधी बाजारातल्या आयएसडी बूथवरून आम्ही जर्मनीला फोन लावला. तिथं कुणीतरी जर्मनमध्ये बोललं, रघुजीराव कन्नडमध्ये बोलले, आणि दोघांनीही समाधानानं फोन ठेवला. मग त्यांनी पत्र लिहिलं. पत्राला जायला बारा दिवस, यायला बारा.

"क्लोकरूमच्या नियमात एक कलम हाय," तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले. रात्रभर आठवत बसले असावेत. "नगातून दुर्गंधी आली, तर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करून कुलूप फोडता येतंय. आमी एकदा फोडलं होतं. सुकटाची ट्रंक होती."

"मग फोडा!"

"दुर्गंधी आली पाहिजे, सार. स्वल्प थांबायचं."

आणि आम्ही थांबलो! एक अख्खं कुटुंब, एक भाडेकरू आणि शेजार, सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्याच्या बारांत नाक घालून उभे राहायचो. "येतोय का?" "न्हाई." "स्वल्प?" "स्वल्पही न्हाई." अडचण अशी होती की खुद्द रघुजीरावांना वास येत नव्हता. फणस, सुकट, मोगऱ्याच्या पाट्या आणि लोकांचे न धुतलेले मोजे यांच्यात चौतीस वर्षं काढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. ते आमच्या तोंडाकडं बघत राहायचे. मल्लाप्पा जाता-जाता निरोप ठेवून गेला होता, की वास यायला लागेल तेव्हा आत काही उरलेलं नसेल.

पाचव्या दिवशी मी बारांना नाक लावलं. वास येत नव्हता. ओल्या मातीचा होता, तेवढाच. मी मान वर केली, रघुजीरावांचे डोळे माझ्यावर, तीन दिवस दाढी न केलेली, आणि मी म्हणालो, "येतोय. घाण वास येतोय."

"खरं?"

"शी! केवढा!" मी नाकाला रुमाल लावला.

त्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का पुढं आल्या, वाकल्या, एक मोठा श्वास घेतला, माझ्याकडं अर्धा क्षण बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, देवा. आमटी नासल्यासारखा."

रघुजीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पंचनामा लिहिला: नग एक, काटेरी, गोल. कुलूप शाबूत. दुर्गंधी साक्षीदार क्रमांक एक व दोन यांच्या म्हणण्यानुसार तीव्र. आम्ही सह्या केल्या. मग त्यांनी हातोडीचा पहिला घाव घातला तो हळू, दुसरा त्याहून हळू. तिसऱ्याला कुलूप तुटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी आयुष्यात बरीच मशिनं मोडताना पाहिली आहेत, पण एवढ्याशा कुलपाचा आवाज मला लागला तसा कशाचा लागला नाही.

मल्लाप्पानं जुनं वर्तमानपत्र गुंडाळून कॅक्टस उचलला आणि सुरीनं बुडापासून चकत्या काढत गेला, तपकिरी रंग संपेपर्यंत. खालचा तिसरा हिस्सा गेला. वरचं आतून पांढरं निघालं. "सरी," म्हणजे ठीक, असं मल्लाप्पा म्हणाला, गंधक फासलं आणि महिन्याभरासाठी तो अर्धामुर्धा गोळा अक्कांच्या कोठीघरात वेताच्या टोपलीत ठेवून गेला. न मूळ, न माती, न पाणी. जिवंत आहे की मेला आहे हे कुणालाच सांगता येईना. रघुजीराव रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचो, जिवंत आहे. खोटं बोलायची मला आता सवय झाली होती.

त्या काळात मी एक मूर्खपणा केला. लालबागेसमोरच्या दुकानातून अगदी तसाच एक कॅक्टस आणून त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, प्रतिमाला काय कळणार आहे? ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकाची ट्रंक दुसऱ्याला देणारा माणूस मी एकच पाहिलाय. त्याला आमी कँटीनमध्ये पाठवला." तो कॅक्टस मी ऑफिसात नेऊन ठेवला.

मेच्या पहिल्या आठवड्यात कोठीघरातून रघुजीरावांची हाक आली ती अशी, की मी तोंडातला घास तसाच ठेवून धावलो. गोळ्याच्या बुडाशी तीन पांढरी मुळं फुटली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून ती बघत होतो. अक्का रडत होत्या. मीही रडलो, का ते विचारू नका. त्याच आठवड्यात प्रतिमाचं उत्तर आलं. मागं बर्फाचं चित्र, पुढं एक ओळ: "काका, कुठली किल्ली?"

रघुजीरावांनी ते कार्ड दोनदा वाचलं. "कामात असंल," म्हणाले.

ऑगस्टमध्ये प्रतिमा आली. केस कापलेले, हातात चॉकलेटांचा डबा. रघुजीरावांनी ओट्यावर टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर. चादरीवर कॅक्टस, नव्या कुंडीत, जरा तिरका, पूर्वीपेक्षा लहान. शेजारी कागदात बांधलेलं तुटकं कुलूप आणि पंचनामा. ते स्वतः टेबलामागं उभे, दोन्ही हात मागं.

"अम्मा, नग जसा घेतला तसा राहिला न्हाई. सडला, ती चूक माझी. तिसरा हिस्सा कापला. कुलूप मी फोडलं. जेवढा हाय तेवढा जिवंत हाय."

प्रतिमा टेबलाकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. वाईट मनानं नाही, तिला खरंच गंमत वाटली. "अय्या, हा अजून आहे? मला वाटलं केव्हाच टाकून दिला असेल! टाकायचा ना काका, एवढं काय त्यात? मला आता तिकडंच नोकरी लागलीय. विमानात कुठं नेऊ मी हा?"

रघुजीरावांनी पंचनाम्याची घडी घातली. ती खिशात ठेवली. आत गेले आणि दाराला कडी लावली.

"ज्या दिवशी कुणाचा नग न्यायला कुणी यायचं न्हाई," अक्का हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी ते जेवायचे न्हाईत." आणि पदरानं चादरीवरची माती पुसायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. मी त्या पोरीला ओट्यावरच फैलावर घेतलं. पिंजरा, दोरा, संकष्ट्या, बूथ, कोठीघर, सगळं सांगितलं. सांगता-सांगता माझा आवाज इतका चढला की कौशल्याबाई खिडकीत आल्या. "आणि सडवला तो त्यांनी नाही!" मी ओरडलो. "आम्ही सडवला! मीही बाटलीभर पाणी ओतलं, बढतीसाठी! आणि वास येतो म्हणून खोटं बोललो तोही मीच!" दाराआड ऐकू जावं म्हणून नव्हतं ते, पण गेलं असणारच.

प्रतिमा पायरीवर बसली. मग उठली, डोळे पुसले, कुंडी उचलली, फाटकाबाहेर गेली, पुन्हा आत आली आणि दार वाजवलं.

"काका, एक नग ठेवायचा आहे."

दार चार बोटं उघडलं. "किती दिवसांसाठी?"

"याला फूल येईपर्यंत. फूल आलं की मी येऊन घेऊन जाईन. नक्की."

"फूल कधी येतंय?"

प्रतिमानं खरं तेच सांगितलं. "पंधरा वर्षांनी. कापल्यामुळं वीसही लागतील."

रघुजीरावांनी बोटं मोजली. "मी एक्क्याऐंशीचा होईन. आमच्या घरात सत्तरीपुढं कुणी गेलं न्हाई, अम्मा."

"मग दुसरीकडं ठेवते."

"स्वल्प थांबा!" दार पूर्ण उघडलं. त्यांनी कुंडी तिच्या हातातून घेतली, फिरवून चारी बाजूंनी पाहिली, बराच वेळ पाहिली. "सरी. जसा हाय तसा. जिवंत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी पाणी घातलं ते ठाव होतं मला, सार. आन् वास आला न्हवता, ते पण."

"मग कुलूप का फोडलंत?"

"दोन साक्षीदार लागतात. खरे लागतात असं कुठं लिवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा खाली कॉफीला गेलो. रघुजीरावांनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेल्यात बघितलं. नेहमी तीन चमचे साखर असायची. त्यांनी अक्कांकडं पाहिलं.

"वीस वर्षं," अक्का म्हणाल्या.

त्यांनी मुकाट्यानं पेला संपवला.